इन्स्टॉल झालेलं ॲप फोनवर टिकवायचं कसं? कामाचा योग्य क्रम

"१०,००० इन्स्टॉल झालेत, पण रोज उघडणारे १५० सुद्धा नाहीत. नोटिफिकेशन कोणती पाठवू?" ॲप बनवणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून हा प्रश्न मला सतत येतो. नोटिफिकेशन हे यातलं सहावं काम आहे. आधीची पाच कामं सोडून तिथून सुरुवात केली, की जे लोक ॲप नुसतं विसरले होते तेही वैतागून ते डिलीट करतात.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. उदाहरण एकच घेतो, मी स्वतः ज्यावर काम केलं ते: दूध उत्पादकांसाठी हिशेबाचं ॲप. शेतकरी सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालतो, लिटर आणि फॅट लिहिलेली पावती मिळते, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. पावत्यांची बेरीज आणि बिल जुळतंय का, पशुखाद्याची कपात बरोबर आहे का, हे ॲपने दाखवायचं. तुमचं ॲप शिकवणीचं असेल, किराणा उधारीचं असेल किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सचं, क्रम हाच राहील.

## सुरू करण्याआधी

चार गोष्टी हाताशी ठेवा. प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर ॲप टाकणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) आणि फायरबेस (ॲपचा वापर मोजायचं गूगलचं साधन) यांचा ॲक्सेस. किमान दोन-अडीच महिन्यांचा डेटा. स्वस्तातला, स्टोरेज जवळपास भरलेला एक अँड्रॉइड फोन. आणि दहा वापरकर्त्यांचे नंबर, ज्यांना तुम्ही स्वतः फोन करू शकता. यातले पाच जण ॲप वापरणं थांबवलेले हवेत.

सावध: तयारी चालू असताना नवी ऑफर, नवी जाहिरात, नवी नोटिफिकेशन काहीही सुरू करू नका. मधेच काही बदललं तर आकडा कशामुळे हलला ते कळत नाही.

## टप्पा १: ॲपचा ताल ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक कामाचा एक ताल असतो. वीजबिल महिन्यातून एकदा भरतात. कांद्याचा भाव माल काढणीला आला की दिवसातून चारदा बघतात आणि नंतर कित्येक महिने बघत नाहीत. "रोज किती जणांनी उघडलं" हे एकच माप सगळ्या ॲप्सना लावलं, की चांगलं चाललेलं ॲपही पडलेलं दिसतं.

आमचीही हीच चूक झाली. दूध रोज दोनदा घालतात, म्हणजे ॲपही रोज दोनदा उघडलं जाईल, असं आम्ही धरून चाललो. नोंद नाही केली की आठवण पाठवायचो. लोक भराभर कमी होत होते. शेवटी सांगली जिल्ह्यातल्या एका गोठ्यावर जाऊन बसलो. दाराच्या चौकटीला एक वाकवलेली तार होती आणि तिच्यात दहा दिवसांच्या पावत्या ओळीने टोचलेल्या. खालच्या पावत्यांवरची छपाई फिकट झाली होती, कारण थर्मल कागदावरचे आकडे उन्हाने आणि उष्णतेने उडतात. मावशींना विचारलं, रोजच्या रोज का भरत नाही? त्या म्हणाल्या, "रोज कुठं लिवत बसू बाबा? बिलाच्या आदल्या रात्री नातू भरतोय सगळं."

म्हणजे मावशी ॲप सोडून गेलेल्या नव्हत्या. त्यांचा ताल दहा दिवसांचा होता आणि आम्ही त्यांना रोज हटकत होतो. त्यानंतर आम्ही दहा दिवसांच्या वीस नोंदी एकाच तक्त्यात भरता येतील अशी स्क्रीन केली. आमच्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला बदल तोच.

तुम्ही काय करायचं? एका वाक्यात लिहा: कोण, कोणत्या प्रसंगी, किती दिवसांनी, कोणतं काम पुरं करायला ॲप उघडतो. वाक्य टेबलावर बसून लिहू नका, पाच वापरकर्त्यांना बघून लिहा.

तपासा: वाक्यात "माहिती मिळवण्यासाठी" किंवा "जोडलेलं राहण्यासाठी" असं काही आलंय का? आलं असेल तर ते वाक्य बाद. "बिल जुळतंय का हे बघायला" असं ठोस काम हवं.

## टप्पा २: मोजमाप बसवा

आधी कामाचा इव्हेंट ठरवा, म्हणजे कोणती कृती झाली की माणसाने ॲप वापरलं असं धरायचं ते. ॲप उघडणं म्हणजे वापरणं नाही. चुकून बोट लागूनही ॲप उघडतं. आमचा इव्हेंट होता "या बिलाच्या काळात किमान एक नोंद केली". तुमचा "एक सराव चाचणी पूर्ण केली" किंवा "एक उधारी लिहिली" असेल.

मग लोकांचे गट पाडा, म्हणजेच कोहोर्ट. एकाच काळात आलेल्यांचा एक गट धरायचा आणि तोच गट पुढे किती उरतो ते बघत जायचं. समजा १ ते १० तारखेत १०० जण आले. पुढच्या तीन बिलांत त्यातल्या ४०, २८ आणि २५ जणांनी नोंद केली आणि चौथ्यात २४ जणांनी. उतरती रेघ आता सपाट होतेय. हे २४ जण तुमच्या ॲपचा पाया आहेत. त्यांना काय मिळतंय ते शोधा आणि बाकीच्यांपर्यंत लवकर पोचवा. पण आकडे ४०, १८, ७, २ असे गेले, तर रेघ शून्याकडे चालली आहे. अशा वेळी जाहिरातीचे पैसे ताबडतोब थांबवा, कारण भांड्याला भोक आहे.

इथे होणाऱ्या चुका:

- एकूण सक्रिय वापरकर्त्यांचा आकडा बघून खूश होणं. जाहिरात चालू असली की नवे लोक येत राहतात आणि गळती त्याखाली झाकली जाते.
- टीमचे स्वतःचे फोन वगळायचे राहून जाणं. छोट्या ॲपमध्ये आठ-दहा फोनही चित्र बदलतात.
- अनइन्स्टॉलच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबणं. फायरबेसमध्ये ॲप काढल्याचा इव्हेंट आपोआप फक्त अँड्रॉइडवर नोंदला जातो, आयफोनवर नाही.
- पहिला, सातवा आणि तिसावा दिवस ही मापं सरसकट लावणं. ताल दहा दिवसांचा असेल तर पहिलं, दुसरं आणि तिसरं बिल हीच खरी मापं.

सावध: इव्हेंटमध्ये फोन नंबर, नाव, बँक खातं असं काही टाकू नका. गूगल ॲनालिटिक्सच्या नियमात ते बसत नाही, आणि बसत असतं तरी टाकायला नको. शेतकऱ्याचा हिशेब ही त्याची खासगी गोष्ट आहे.

## टप्पा ३: पहिली पाच मिनिटं दुरुस्त करा

वरच्या उदाहरणात १०० चे ४० झाले, म्हणजे सगळ्यात मोठी गळती पहिल्याच पायरीवर आहे. बहुतेक ॲप्सचं असंच असतं. तरीही टीम मात्र तिसऱ्या महिन्यात दिसणारं नवं फीचर बनवत बसलेली असते.

ॲप उघडल्यापासून पहिला उपयोग होईपर्यंत किती वेळा टॅप करावं लागतं ते मोजा. आमच्या ॲपमध्ये चार स्वागताच्या स्क्रीन होत्या, मग मोबाइल नंबर, ओटीपी, नाव, गाव, तालुका, संस्थेचं नाव, जनावरांची संख्या. एवढं भरेपर्यंत त्या माणसाला आमच्याकडून काहीच मिळालेलं नसायचं. आम्ही क्रम उलटा केला. पहिल्याच स्क्रीनवर तीन रकाने: लिटर, फॅट, दर. आकडे टाकले की लगेच आजची रक्कम. नोंद सेव्ह करायची वेळ आली की मगच नंबर मागायचा. गाव-तालुका दुसऱ्या बिलापर्यंत विचारायचाच नाही.

ओटीपी लागणारच असेल तर तो आपोआप वाचला जाईल अशी सोय करा. अँड्रॉइडवर एसएमएस रिट्रीव्हर ही गूगलची ओटीपी उचलून देणारी सोय वापरली तर मेसेज वाचायची परवानगी मागावी लागत नाही. आपल्याकडे असे मेसेज पाठवायला डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्पलेटची (मजकुराचा साचा) नोंदणी लागते. टेम्पलेटमधला मजकूर ॲपच्या गरजेप्रमाणे आधीच मंजूर करून ठेवा, नाहीतर ऐन रिलीजच्या दिवशी ओटीपी अडकतात.

आणि मराठी अक्षरं. फोनमधला अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून प्रत्येक स्क्रीन बघा. बटणाची उंची ठरावीक ठेवली असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. "पूर्ण" चं "पर्ण" होतं. पन्नाशीपुढचे बरेच वापरकर्ते अक्षरं मोठी करून ठेवतात आणि आपण मात्र लहान अक्षरांवर टेस्ट करतो.

तपासा: ॲप कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि एक शब्दही बोलू नका. मदत करायचा मोह आवरा. तो जिथे बोट हवेत धरून थांबेल, ती जागा लिहून ठेवा. असे पाच जण केले की यादी तयार होते.

## टप्पा ४: ॲप नीट चालतंय याची खात्री करा

क्रॅश होणाऱ्या ॲपकडे माणसांना परत बोलावू नये. प्ले कन्सोलमधल्या व्हायटल्सच्या पानावर दोन आकडे बघा. वापरकर्त्याला जाणवणारा क्रॅशचा दर १.०९ टक्क्याच्या खाली आणि ॲप गोठण्याचा, म्हणजे एएनआरचा दर ०.४७ टक्क्याच्या खाली हवा. त्याच्या वर गेलात तर प्ले स्टोअरवर तुमचं ॲप कमी दिसू लागतं. एखाद्या विशिष्ट मॉडेलवर ८ टक्के ओलांडले तर त्या फोनवर वेगळा फटका बसतो. ॲप बंद अवस्थेतून उघडायला ५ सेकंद किंवा जास्त लागले तर गूगल त्याला अति संथ धरतं. तो स्वस्त फोन इथेच वापरायचा.

नेटवर्क नसताना नोंद व्हायलाच हवी. गोठ्यात रेंज नसते. नोंद फोनमध्ये साठवून नंतर सर्व्हरला पाठवा.

आणि बॅकअप. हिशेबाच्या ॲपमध्ये फोन बदलल्यावर मागच्या नोंदी गेल्या, तर तो माणूस कायमचा वहीकडे परततो. त्याला परत आणायचा कोणताही उपाय मला आजवर सापडलेला नाही.

तपासा: एका फोनवर वीस नोंदी करा, दुसऱ्या फोनवर त्याच नंबरने लॉगिन करा आणि वीसच्या वीस मोजा. दर रिलीजला हे करा. रिलीजही आधी थोड्या टक्के लोकांना द्या, दोन दिवस आकडे बघा, मग सगळ्यांना.

## टप्पा ५: नोटिफिकेशनची परवानगी योग्य वेळी मागा

अँड्रॉइड १३ पासून नव्याने इन्स्टॉल झालेल्या ॲपची नोटिफिकेशन मुळातच बंद असतात; परवानगी मिळाली तरच पाठवता येतात. माणसाने दोनदा नकार दिला की ती खिडकी पुन्हा येत नाही. आयफोनवर तर एकदाच विचारता येतं. एवढी मोलाची संधी बहुतेक ॲप्स पहिल्याच सेकंदाला घालवतात. तुम्ही कोण, काय पाठवणार हे माहीत नसताना माणूस "नको" च म्हणणार.

पहिली नोंद झाल्यावर विचारा. त्याआधी स्वतःची एक छोटी स्क्रीन दाखवा: "बिलाच्या आदल्या दिवशी राहिलेल्या नोंदींची आठवण देऊ का?" खाली "हो, द्या" आणि "आत्ता नको". "आत्ता नको" दाबलं तर सिस्टीमची खिडकी उघडूच नका, म्हणजे पुढच्या बिलाला पुन्हा विचारायची संधी शिल्लक राहते.

अँड्रॉइडवर चॅनेल, म्हणजे नोटिफिकेशनचे स्वतंत्र बंद करता येणारे गट, वेगळे ठेवा: बिलाची आठवण एक, दरबदल दुसरा, बाकीची माहिती तिसरा. सगळं एकाच चॅनेलवर टाकलं, तर जाहिरातीला कंटाळलेला माणूस बिलाची आठवणही बंद करून टाकतो.

## टप्पा ६: आता नोटिफिकेशन

वाईट नोटिफिकेशन अशी असते: "आम्हाला तुमची आठवण येतेय! आजच ॲप उघडा." मावशींना तुमच्या आठवणीशी काय देणंघेणं?

आम्ही पाठवतो ती अशी: "३ नोंदी राहिल्या, उद्या बिल. १४ संध्याकाळ, १७ सकाळ, १८ सकाळ." टॅप केलं की तेच तीन रिकामे रकाने समोर येतात, मुख्य पान नाही. मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये एखादीच ओळ दिसते, म्हणून मुद्दा पहिल्या चार शब्दांत यायला हवा. ॲपचं नाव आणि नमस्कार यात जागा घालवू नका.

प्रत्येक नोटिफिकेशन लिहिताना या क्रमाने जा:

1. कारण त्या माणसाच्या स्वतःच्या कामातलं आहे का? नसेल तर पाठवू नका.
2. काम आधीच झालंय का? पाठवण्याच्या क्षणी पुन्हा तपासा. सकाळीच नोंदी भरलेल्याला रात्री "नोंदी राहिल्या" गेलं की ॲपवरचा विश्वास उडतो.
3. वेळ कोणती? धारेच्या वेळी हात मोकळे नसतात. आम्ही रात्री साडेआठ ठरवली.
4. टॅप केल्यावर नेमकं कुठे जाणार?
5. कधी थांबणार? लागोपाठ तीन आठवणींना प्रतिसाद नाही, तर ती आठवण आपोआप बंद.

मग परिणाम मोजा. १० टक्के लोकांना मुद्दाम काहीच पाठवू नका आणि दोन्ही गटांतल्या कामाच्या इव्हेंटची तुलना करा. किती जणांनी टॅप केलं हा आकडा फसवा आहे, कारण त्यातले बरेच जण तसेही येणारच होते. सोबत किती जणांनी नोटिफिकेशन बंद केलं तेही बघा.

सावध: अँड्रॉइडच्या अनेक फोनवर बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स आक्रमकपणे बंद केली जातात, त्यामुळे आठवण पोचतच नाही. "पाठवली" आणि "दिसली" हे दोन आकडे वेगळे ठेवा.

## टप्पा ७: दुसऱ्या महिन्याचं कारण तयार करा

पहिल्या महिन्यात माणूस सोयीसाठी येतो. पुढे तो टिकतो ते ॲपमध्ये त्याचंच काहीतरी साठत गेल्यामुळे. आमच्याकडे ते होतं वर्षभराचं एकूण लिटर. दिवाळीच्या आधी संस्था दूध दर फरक (दुधाच्या दरापोटी नंतर मिळणारी जादा रक्कम) वाटते, तो घातलेल्या लिटरवर निघतो. वर्षाचं लिटर ज्याच्याकडे मांडलेलं आहे, त्याला आपला फरक किती बसतो ते आधीच कळतं. हा आकडा आम्ही आधी आतल्या अहवालात पुरून ठेवला होता. तो मुख्य पानावर आणला: "या वर्षी आतापर्यंत २,८४६ लिटर."

तुमच्या ॲपमध्ये असं काय साठतंय ते शोधा आणि वर आणा. विद्यार्थ्याला त्याच्या कच्च्या धड्यांची यादी, दुकानदाराला कोणता गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतो त्याचा अंदाज. पॉइंट, बॅज, सलग दिवसांची साखळी मी अशा कामाच्या ॲपमध्ये लावत नाही. एक दिवस चुकला की साखळी तुटते, आणि माणूस त्या निमित्ताने सगळंच सोडतो.

रेटिंग मागायची जागाही इथेच: बिल जुळलं, त्यानंतर. प्ले स्टोअरची आतली रिव्ह्यूची खिडकी बटणाला जोडू नका. तिला मर्यादा असते आणि कधी कधी ती उघडतच नाही. आयफोनवर ती ३६५ दिवसांत जास्तीत जास्त ३ वेळा दिसते.

## टप्पा ८: थांबलेल्यांशी वेगवेगळं वागा

थांबलेले सगळे एकसारखे नसतात. काहींनी सुरुवातच केली नाही. त्यांचं उत्तर टप्पा ३ मध्ये आहे. काही जण वापरत होते आणि थांबले. त्यांना फोन करा. "ॲप आवडलं का?" असं विचारू नका, लोक भिडेने हो म्हणतात. विचारा, "शेवटचं उघडलं तेव्हा काय करायचं होतं?" मग गप्प बसून ऐका.

तिसरा प्रकार आम्हाला फार उशिरा कळला. गाय आटली होती. विण्याआधी साधारण दोन महिने दूध नसतं, मग नोंद कसली करणार? आणि आम्ही त्या घरी दर बिलाला "नोंदी राहिल्या" पाठवत होतो. आता "सध्या दूध नाही" असं बटण आहे. ते दाबलं की आठवणी बंद, आणि अंदाजे विण्याची तारीख टाकली तर त्यानंतर एकच मेसेज. शिकवणीच्या ॲपला परीक्षेनंतरची सुट्टी असते, शेतीच्या ॲपला हंगाम. प्रत्येक ॲपमध्ये अशी एक आटलेली गाय असते, ती शोधा.

सावध: काही महिने ॲप उघडलंच नाही तर अँड्रॉइड १२ पासून पुढे फोन ते निद्रिस्त करतो. दिलेल्या परवानग्या काढून घेतल्या जातात आणि पुश नोटिफिकेशनही पोचत नाही. जे काही करायचं ते पहिल्या दोन चुकलेल्या बिलांतच करा. एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर जायचं असेल तर त्यासाठी संमती आधीच, वेगळी घेतलेली हवी.

## टप्पा ९: जाणाऱ्याला अडवू नका

खातं बंद करायची सोय ॲपमध्येच द्या. खातं उघडू देणाऱ्या ॲपसाठी गूगल आणि ॲपल दोघांचीही ही अट आहे. वर्गणी असेल तर ती सुरू करणं जितकं सोपं, तितकंच बंद करणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधात, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीन-रचनांविरोधात, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत, उदाहरणार्थ खोटी घाई लावणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, सतत टोचत राहणं. आपल्या सगळ्या स्क्रीन त्या यादीशी एकदा ताडून बघा. जाताना सगळ्या नोंदींची फाइल हातात द्या. दूध पुन्हा सुरू झालं की तीच फाइल घेऊन परत आलेली माणसं मी बघितली आहेत.

## वेळापत्रक

एकटे असाल किंवा दोघांची टीम असेल, तर पहिले दोन आठवडे टप्पा १ आणि २ ला द्या. पुढचे तीन टप्पा ३ आणि ४ ला. परवानगीची स्क्रीन एका दिवसाचं काम आहे. त्यानंतर एकच नोटिफिकेशन, सगळ्यात गरजेची, आणि तीन ताल पूर्ण होईपर्यंत थांबायचं: आमच्यासाठी तीन बिलं, म्हणजे महिना. महिन्याच्या तालाचं ॲप असेल तर तीन महिने. या काळात दुसरा बदल सोडू नका. नव्या गटाची रेघ जुन्या गटाच्या रेघेशेजारी ठेवा. ती वर सपाट होत असेल तर पुढची नोटिफिकेशन लिहायला घ्या, नाहीतर पुन्हा तो फोन नवख्या माणसाच्या हातात द्या.